कौतुकाची वारी

आमच्या सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर आहे, त्यामुळे ‘पंढरी’ हा शब्द कुणी सैलपणे वापरला की आमचे कान टवकारतात. वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानांना हा शब्द फार आवडतो. कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी. कोल्हापूर ही फुटबॉलचीही पंढरी. एखाद्या तालुक्याच्या गावातल्या दोन मुलींनी पदक आणलं की दुसऱ्या दिवशी ते गाव त्या खेळाची पंढरी होऊन बसतं. कौतुक करणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ज्याचं कौतुक झालं, त्या गावातला जुना प्रेक्षक ती बातमी वाचून हरखून जातोच असं नाही. अनेकदा तो पेपर बाजूला ठेवतो आणि विचारतो, “आजच कशी आठवण झाली?”

आज याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. आपल्या संघाची निंदा झाली तर चाहत्याला राग येतो, हे समजण्यासारखं आहे. पण अचानक स्तुती झाली तरी त्याच्या कपाळाला आठी का पडते? मी शाळेत खेळाचा शिक्षक होतो. खेळाडू, प्रेक्षक आणि बातमीदार या तिघांचीही संगत मला जवळून मिळाली. या प्रश्नाकडे पाहताना मला वाटतं, हा नुसता हेकटपणा नव्हे. त्याला इतिहास आहे आणि तो बराच मोठा आहे.

सुरुवात कोल्हापूरपासूनच करू. महाराष्ट्रात फुटबॉलला एवढा घरचा खेळ मानणारं दुसरं शहर सापडणं कठीण. तिथल्या संघांची नावं पाहा : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. तालमी मुळात कुस्तीच्या. तांबड्या मातीत घुमणारी पोरं संस्थानी काळात चेंडूच्या मागे धावायला लागली, पण नाव तालमीचंच राहिलं. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली आणि या पेठापेठांतल्या खेळाला एक घडी मिळाली. आजही तिथला माणूस संघ निवडत नाही. ज्या पेठेत जन्म झाला, त्या पेठेचा संघ त्याला मिळतो. आडनाव मिळतं तसा. शाहू स्टेडियमवर सामना असला की दुकानं मुलाच्या हवाली करून बाप मैदानावर जातो आणि थोड्या वेळानं मुलगाही दुकान ओढून घेऊन तिकडेच पोहोचतो.

या सगळ्याची बाहेरच्या वर्तमानपत्रांत दखल कधी घेतली जायची? बहुतेक वेळा मारामारी झाली की. प्रेक्षकांत दगडफेक झाली, सामना थांबवावा लागला, पोलिसांनी स्पर्धेवर बंधनं घातली, म्हणजे मग ‘हुल्लडबाजी’ असा मथळा यायचा. त्या बातम्या खोट्या नव्हत्या. पेठांमधली ईर्षा कित्येकदा मर्यादा सोडून गेली आहे आणि त्याचा त्रास खेळालाच झाला आहे. पण वर्षातले बाकीचे सगळे सामने, उन्हातान्हात घाम गाळणारी पोरं, स्वतःच्या खिशातून चेंडू आणणारे प्रशिक्षक, यांना त्या पानावर जागा नव्हती. वाचणाऱ्याच्या मनात कोल्हापूरचा फुटबॉल म्हणजे भांडण, एवढंच उरायचं.

मग दर चार वर्षांनी विश्वचषक यायचा. कोल्हापुरात ब्राझील आणि अर्जेंटिना यांचे उंचच उंच फलक लागायचे, गल्लीबोळांत निळे-पांढरे आणि पिवळे झेंडे फडकायचे आणि छायाचित्रकार येऊन ते टिपून जायचे. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकात भारताचा संघ पहिल्यांदाच उतरत होता आणि त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. दिल्लीत तो खेळला आणि इकडे कोल्हापूरच्या फुटबॉलवर लेखांचा पाऊस पडला. शंभर वर्षांची परंपरा, तांबड्या मातीतली प्रतिभा, फुटबॉलवेडं शहर! सगळं खरंच होतं. पण ते २०१६ मध्येही खरं होतं आणि १९९६ मध्येही.

कोल्हापुरातले माझे मेहुणे हाडाचे तालीमवाले. त्या दिवसांत मी त्यांना फोन करून म्हटलं, “काय, सगळीकडे तुमचंच नाव!” ते शांतपणे म्हणाले, “दाजी, पाहुणा जास्त कौतुक करायला लागला की समजायचं, काहीतरी मागायला आलाय नाहीतर लगेच निघणार आहे.” यावर मला उत्तर देता आलं नाही.

उशिरा आलेल्या कौतुकाचं आपल्या देशातलं एक जुनं उदाहरण कोलकात्याचं आहे. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागाननं आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या लष्करी संघाला २-१ असं हरवलं. शिबदास भादुडी आणि अभिलाष घोष यांनी गोल केले. अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले. बंगालची फाळणी होऊन सहा वर्षं झाली होती, लोकांच्या मनात राग धुमसत होता आणि त्यात हा विजय! त्याची बातमी थेट इंग्लंडपर्यंत गेली. बंगाली माणूस दुबळा, लेखणी चालवण्याच्या लायकीचा, असं साहेबलोक वर्षानुवर्षं लिहीत-बोलत आले होते. आता त्यांच्याच वर्तमानपत्रांना याच माणसांच्या दमाची आणि चपळाईची दखल घ्यावी लागली.

बंगाली प्रेक्षकानं या स्तुतीचं काय केलं असेल? आनंद तर झालाच असणार. पण ज्या तोंडानं काल ‘दुबळे’ म्हटलं, त्याच तोंडानं आज शाबासकी दिली, तर ऐकणाऱ्याला दोन्ही वाक्यं एकदम आठवतात. मोहन बागानचे लोक आजही २९ जुलै हा दिवस ‘मोहन बागान दिन’ म्हणून साजरा करतात. कुणी शाबासकी दिली म्हणून हा दिवस साजरा होत नाही. आपण जिंकलो म्हणून होतो. स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवायचा आणि दुसऱ्याच्या शाबासकीवर बेतानं, ही शहाणीव तेव्हापासूनची आहे.

हीच गोष्ट सोलापूरकरांना वेगळ्या संदर्भात चांगली माहीत आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर हे शहर पेटलं. काही दिवस सरकारी सत्ता इथून जवळजवळ नाहीशी झाली होती. मग १२ मेपासून जूनअखेरपर्यंत लष्करी कायदा लागला. सरकारी बाजूनं जे छापून येत होतं, त्यात सोलापूर म्हणजे दंगेखोरांचं गाव होतं. पुढे स्वातंत्र्य मिळालं आणि त्याच दिवसांचं वर्णन ‘स्वातंत्र्याआधी स्वातंत्र्य उपभोगलेलं शहर’ असं गौरवानं होऊ लागलं. पण या शहरानं आपलं मानलं ते कुणाला? १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे चौघे फासावर गेले. त्यातले कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ या पत्राचे संपादक होते. आमच्याबद्दल लिहिणारा माणूस आमच्यातच राहत होता आणि आमच्याबरोबर त्यानं किंमत मोजली, असं या शहराला म्हणता आलं. खेळाच्या पानाची तुलना फासावर गेलेल्यांशी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. मला एवढंच सुचवायचं आहे की, लिहिणाऱ्यावरचा विश्वास त्याच्या शब्दांच्या गोडव्यावरून ठरत नाही. तो वाईट दिवसांत कुठे होता, यावरून ठरतो.

या बाबतीत जगातलं सर्वांत बोलकं उदाहरण लिव्हरपूलचं आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड शहरातल्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए कपचा उपांत्य सामना होता. प्रेक्षकांच्या उभं राहण्याच्या कप्प्यांत माणसं प्रमाणाबाहेर आत सोडली गेली, लोखंडी जाळ्यांवर लोक चिरडले गेले. या दुर्घटनेतल्या मृतांची संख्या आज ९७ मानली जाते. त्यातल्या शेवटच्या माणसाचा मृत्यू २०२१ साली, त्या दिवशीच्या इजांमुळे झाला. घटनेनंतर चारच दिवसांनी ‘द सन’ या लंडनच्या खपाच्या वर्तमानपत्रानं ‘सत्य’ या अर्थाचा भला मोठा मथळा देऊन छापलं की, लिव्हरपूलच्या चाहत्यांनी मृतांचे खिसे कापले आणि मदत करणाऱ्या पोलिसांवर हात टाकले. ते धादांत खोटं होतं. त्याच वर्षी न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीनं गर्दीच्या नियंत्रणात पोलीस कमी पडल्याचा ठपका ठेवला.

लिव्हरपूलकरांनी तो पेपर घेणं बंद केलं. एक-दोन महिने नाही, वर्षानुवर्षं. विक्रेत्यांनी तो ठेवणं सोडलं. जुलै २००४ मध्ये त्या पत्रानं पूर्ण पान खर्चून आपली चूक कबूल केली. पण ही कबुली आली केव्हा? वेन रूनी हा त्याच शहरातला अठरा वर्षांचा खेळाडू युरोपच्या स्पर्धेत चमकला होता आणि त्याची मुलाखत याच पत्राला मिळाली होती, म्हणून शहरात संताप उसळला होता तेव्हा. लोकांनी सरळ हिशेब मांडला : माफी आमच्यासाठी नाही, खपासाठी आहे. २०१२ साली स्वतंत्र समितीनं सगळी कागदपत्रं उजेडात आणली. एप्रिल २०१६ मध्ये ज्यूरींनी, मृतांचा बळी बेकायदेशीररीत्या गेला आणि चाहत्यांचा त्यात दोष नव्हता, असा निर्णय दिला. फेब्रुवारी २०१७ मध्ये लिव्हरपूल क्लबनं ‘द सन’च्या बातमीदारांना आपल्या मैदानात येण्यास बंदीच केली.

आता विचार करा. लिव्हरपूलनं २०१९ मध्ये युरोपचं अजिंक्यपद जिंकलं, २०२० मध्ये तीस वर्षांनी इंग्लंडची लीग जिंकली. अशा वेळी त्या पत्रानं कितीही गोड लिहिलं, तरी त्या शहरातला माणूस ते गोड मानून घेईल का? ज्यानं आपल्या मृतांबद्दल खोटं लिहिलं, त्यानं आपल्या विजयाबद्दल खरं लिहिलं तरी ते नकोसं वाटतं. अविश्वासाचं हे टोकाचं रूप आहे आणि ते पूर्णपणे रास्त आहे.

पण सगळी उदाहरणं एवढी काळी नसतात. काही वेळा अविश्वासाला हसूही फुटतं. इंग्लंडमधलंच लेस्टर सिटी घ्या. २०१५ च्या जुलैमध्ये या संघानं क्लॉडिओ रानिएरी या इटालियन प्रशिक्षकाला नेमलं. त्याआधी ग्रीसचा संघ त्यांच्या हाताखाली चिमुकल्या फॅरो बेटांकडून हरला होता. जाणकारांनी कपाळावर हात मारला. स्वतः लेस्टरचे असलेले माजी खेळाडू आणि दूरचित्रवाणीवरचे समालोचक गॅरी लिनेकर यांनीही या नेमणुकीवर जाहीर आश्चर्य व्यक्त केलं. सट्टेबाजांनी लेस्टर जिंकण्याचा भाव पाच हजारास एक असा ठेवला. आणि २ मे २०१६ च्या रात्री, टॉटनहॅमला चेल्सीविरुद्ध २-२ अशी बरोबरी पत्करावी लागली तेव्हा लेस्टर इंग्लंडचं विजेतं ठरलं!

मग काय, ज्यांनी संघ खालच्या विभागात घसरणार असं भाकीत केलं होतं, तेच त्याच्या यशाची कारणं सांगू लागले. लेस्टरच्या जुन्या प्रेक्षकांनी हे सगळं मिश्कीलपणे पाहिलं असणार. लिनेकर यांचं मात्र कौतुक करायला हवं. संघ जिंकला तर आपण अंतर्वस्त्रांत कार्यक्रम सादर करू, असं ते म्हणाले होते आणि ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांनी ते करून दाखवलं. चाहत्यांना हे आवडतं. आपण काल काय म्हणालो होतो, हे ज्याला आठवतं आणि जो ते लपवत नाही, त्याची आजची स्तुती लोक मानतात. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये रानिएरींना काढून टाकण्यात आलं आणि २०२३ मध्ये लेस्टर खालच्या विभागात गेलंच. कौतुकाची गर्दी केव्हाच पांगली होती. मैदानावर जे उरले, ते आधीपासून येणारेच होते.

आपल्या मातीतला खेळाडू घ्यायचा तर पॉली उम्रीगर. क्रिकेटमधलं हे थोर नाव, २८ मार्च १९२६ रोजी सोलापुरात जन्मलेलं. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात फ्रेड ट्रूमनच्या वेगापुढे त्यांची दैना झाली. कसोटीतल्या सात डावांत मिळून ४३ धावा. उम्रीगर वेगवान गोलंदाजीला घाबरतात, हा शिक्का तेव्हा बसला आणि दीर्घकाळ पुसला गेला नाही. पुढच्याच वर्षी वेस्ट इंडीजमध्ये त्यांनी पाच कसोटींत साडेपाचशेहून अधिक धावा केल्या. १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा करून कसोटीत द्विशतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. १९६२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला एकाच कसोटीत ५६ आणि नाबाद १७२ धावा, शिवाय एका डावात पाच बळी! स्तुती झाली, खूप झाली. पण त्यांच्यावर लिहिताना १९५२ चा उल्लेख टाळणारा लेख विरळाच. इथे एक गंमत लक्षात येते. निंदा करणाऱ्या लेखाला स्मरणशक्ती असते. स्तुती करणाऱ्याला ती नसते. निंदा दहा वर्षांपूर्वीचं खातं उघडून बसते, स्तुतीचा जन्म मात्र आजच सकाळचा असतो.

अगदी अलीकडचं, आमच्याच जिल्ह्यातलं नाव किरण नवगिरे. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची ही मुलगी. २०२२ च्या एप्रिलमध्ये नागालँडकडून खेळताना तिनं अरुणाचल प्रदेशविरुद्धच्या टी-ट्वेंटी सामन्यात नाबाद १६२ धावा केल्या आणि एका रात्रीत देशाला तिचं नाव कळलं. मे महिन्यात पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर तिनं २५ चेंडूंत अर्धशतक ठोकलं, सप्टेंबरमध्ये ती भारताकडून खेळली. सगळीकडे मथळे. आम्हा सोलापूरकरांना अभिमान वाटला. पण सोलापूर जिल्ह्यातली मुलगी नागालँडकडून का खेळत होती, हा प्रश्न त्या कौतुकाच्या गदारोळात किती जणांनी विचारला? कौतुक असे अडचणीचे प्रश्न विचारत नाही, आणि जुन्या माणसाला ते खटकतं.

फुटबॉलच्या चाहत्याला आणखी एक भीती असते. अचानक आलेल्या स्तुतीच्या मागून पैसा येतो आणि पैसा निघून गेला की मागे काहीच उरत नाही. महाराष्ट्रानं हे डोळ्यांनी पाहिलं आहे. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० मध्ये तो संघच बंद झाला. पुण्यात २००७ साली पुणे एफसी सुरू झाला, आय-लीगमध्ये उपविजेता होण्यापर्यंत त्याची मजल गेली, नंतर तोही विझला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगचा गाजावाजा झाला, चित्रपटातले तारे आणि क्रिकेटमधले तारे मालक म्हणून आले. एफसी पुणे सिटी हा संघ उभा राहिला, बालेवाडीत गर्दी जमली, पानंच्या पानं रंगली. २०१७-१८ मध्ये संघ उपांत्य फेरीत पोहोचला आणि २०१९ मध्ये संपला. त्याची जागा हैदराबादच्या संघानं घेतली. जन्माच्या वेळी ज्यांनी बारशाचे पेढे खाल्ले, त्यांतले किती जण तेराव्याला होते? ज्या पोरांनी त्या संघाचा सदरा विकत घेतला होता, ती पोरं आज कुणाला टाळ्या वाजवत असतील? पुढच्या वेळी कुणी पुण्यात नव्या संघाचं गुणगान सुरू केलं आणि त्या पोरांनी तोंड वाकडं केलं, तर त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

मात्र या अविश्वासाची दुसरी बाजूही पाहायला हवी. १ जून २०१८ रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारतानं चायनीज तैपेईला ५-० असं हरवलं. कर्णधार सुनील छेत्रीनं तीन गोल केले. पाहायला माणसं किती होती? अडीच हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी छेत्रीनं एक चित्रफीत काढून लोकांना कळकळीची विनंती केली. आमच्यावर टीका करा, आम्हाला शिव्या द्या, पण मैदानावर येऊन द्या, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. पुढचा सामना ४ जूनला केनियाशी होता, छेत्रीचा शंभरावा. सगळी तिकिटं खपली. भर पावसात लोक बसून राहिले. भारत ३-० असा जिंकला.

तेव्हा नेहमी येणाऱ्यांच्या मनात दोन भावना आल्या असतील. इतके दिवस कुठे होतात, ही एक. आणि आलात हे बरं झालं, ही दुसरी. छेत्रीची विनंती मला फार महत्त्वाची वाटते, कारण खेळाडूला काय हवं असतं ते तिनं स्पष्ट केलं. त्याला स्तुती नको होती. त्याला हजेरी हवी होती. हजर असलेल्या माणसाची शिवीसुद्धा त्याला चालणार होती. दूर बसलेल्याचं मौन मात्र नको होतं. चाहता जेव्हा बातमीदारावर नाराज होतो, तेव्हा तोही वेगळं काय सांगत असतो? टीका कर, पण ये.

आता बातमीदाराची बाजू. नोकरीच्या काळात आंतरशालेय स्पर्धांचे निकाल कागदावर लिहून, सायकलवर टांग मारून मी ते वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत पोहोचवत असे. रात्री नऊच्या आत कागद गेला तर दुसऱ्या दिवशी चार ओळी. उशीर झाला तर नाही. एका कचेरीत एकदा मला ऐकवण्यात आलं, “सर, भांडणबिंडण काही झालं का? तर मोठी लावतो.” त्या उपसंपादकाचा मला राग आला नाही. त्याच्यापुढे पान होतं, त्यात जाहिराती बसवल्यावर वीतभर जागा शिल्लक होती आणि जिल्हाभरातून आलेले वीस कागद होते. तालुक्याच्या वार्ताहराला मिळणारं मानधन तुटपुंजं; फुटबॉलच्या सामन्याला दिवसभर बसणं त्याला परवडणार कसं? मग बातमीला काहीतरी निमित्त लागतं. निमित्त दोनच : दगड किंवा पदक. दगडाची बातमी ‘हुल्लडबाजी’ होते, पदकाची बातमी ‘पंढरी’ होते. मधले तीनशे दिवस निमित्तावाचून जातात. हा एका माणसाचा दोष नव्हे, कामाची रीतच तशी आहे. पण ज्यांचे ते तीनशे दिवस असतात, त्यांना रीत दिसत नाही. त्यांना कोरं पान दिसतं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी नेपाळला हरवून तो जिंकला. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. ज्या खेळाला शाळेच्या मैदानावर दोन खांबांपलीकडे काही मिळालं नव्हतं, तो पहिल्या पानावर आला. माझ्यासारख्या शिक्षकाला धन्य वाटलं, यात शंका नाही. पण आठवड्यानं पान उलटलं, तेव्हा आश्चर्यही वाटलं नाही.

चाहत्यांनाही एक सांगावंसं वाटतं. अविश्वास राखावा, पण त्याचा अहंकार होऊ देऊ नये. ‘आम्ही जुने, तुम्ही उपरे’ असं म्हणत राहिलं की नवा प्रेक्षक दारातूनच परत जातो. कोल्हापुरात मुलीही फुटबॉल खेळतात. त्यांच्या सामन्यांना तालमीतले जुने निष्ठावंत किती जातात, हा प्रश्न त्यांनीही स्वतःला विचारावा. आपल्या संघाची दगडफेक छापली म्हणून बातमीदाराला शत्रू मानणं, हेही बरोबर नाही. जो फक्त आपलं चांगलंच लिहितो, त्याचाही विश्वास धरता येत नाही. लेस्टरच्या गोष्टीतून एवढं तरी शिकावं की, काल चुकीचं बोलून आज प्रांजळपणे मानणाऱ्याला जागा द्यावी. आणि लिव्हरपूलच्या गोष्टीतून हे की, काही गोष्टी नुसत्या गोड लेखांनी भरून निघत नाहीत.

मग कौतुकाची पारख करायची कशी? आमच्याकडे त्याला एक माप आहे. पंढरपूरला वर्षात चार मोठ्या यात्रा भरतात : चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी. आषाढीला लाखो लोक येतात, कॅमेरे येतात, मंत्री येतात, पहाटेच्या महापूजेची बातमी घरोघर पोहोचते. या आषाढीला आमचा आक्षेप नाही. येणारा प्रत्येक जण विठ्ठलाचाच. पण पंढरपुरात महिन्याची वारी करणारेही आहेत. दर शुद्ध एकादशीला ते येतात. त्यांचं कुणी छायाचित्र काढत नाही. चंद्रभागेला पाणी किती आहे, वाळवंटात घाण किती साचली आहे, दर्शनाच्या रांगेत म्हाताऱ्यांचे हाल कुठे होतात, हे त्यांना विचारावं. ते पंढरीची स्तुती कमी करतात आणि तक्रारी जास्त. तरी त्यांचा शब्द प्रमाण, कारण ते पुढच्या एकादशीलाही येणार असतात.

खेळाच्या बातमीदारांतही असे महिन्याचे वारकरी आहेत. प्रत्येक शहरात एखादा तरी असतो. मैदानाच्या कडेला, सावली मिळेल तिथे उभा राहून तो गोल करणाऱ्याचं नाव वहीत टिपतो. नावाचं स्पेलिंग चुकू नये म्हणून मुलाला दोनदा विचारतो. त्यानं कधी ‘बरा खेळलास’ एवढे दोन शब्द लिहिले, तर ते कात्रण त्या मुलाच्या घरात वर्षानुवर्षं जपलं जातं. मोठ्या पुरवणीतला रंगीत लेख मात्र महिन्याभरात रद्दीत जातो. फरक कागदाचा नाही. लिहिणारा पुढच्या सामन्यालाही तिथे असणार आहे, हे त्या घराला ठाऊक असतं.